वस्तादांच्या हातचे लाडू

वसुबारसेला गाईच्या पायांवर पाणी घालता घालता बनाबाईनं जाहीर करून टाकलं, की यंदा पाडव्याला वस्तादांच्या दारात आपल्या घरून जी भेट जाईल, ती बघून सगळ्या सांगवीनं तोंडात बोट घातलं पाहिजे.

ऐकायला तिथं तिघं होती. गाय, सासू प्रयागबाई आणि नवरा महिपती. गाईनं कान हलवला. प्रयागबाई म्हणाल्या, "पाणी माझ्या पायावर पडतंय, तिकडं ध्यान दे." आणि महिपतीनं विडी शिलगावत विचारलं, "समद्या गावानं बोटं तोंडात घातल्यावर ऊस तोडायचा कुणी?"

"तुमी हसा. पोरीला माणसांत कुणी आणली? तुमी का मी?"

महिपतीनं विडीचा झुरका घेतला. आणली होती ती दोघांनीही नाही, वस्तादांनी.

त्यांची कौसल्या नऊ वर्षांची होती. सातव्या वर्षापर्यंत तिचा आवाज घराबाहेर कुणी ऐकला नव्हता. पाहुणे आले की ती ज्वारीच्या कणगीमागं जाऊन बसायची आणि ते वेशीबाहेर गेल्यावर निघायची. शाळेत गुरुजींनी नाव विचारलं, ते तिनं तिसऱ्या दिवशी सांगितलं, तेही शेजारच्या पोरीच्या कानात. देवऋषी झाला, अंगारे झाले, जिभेला वेखंड लावून झालं. काही उपयोग नाही.

मग शाळेच्या पोरापोरींना लेझीम शिकवायचं काम गेणबा वस्तादांकडं आलं. वस्ताद मूळचे इंदापूरचे. ऐन उमेदीत त्यांनी म्हणे एका फडात तीन पैलवान लोळवले होते. पुढं गुडघा गेला, तेव्हा सांगवीच्या तालमीत येऊन राहिले. देह असा, की दारातून आत आले की खोलीत अंधार पडायचा. एकटा जीव. चूल नाही, बायकापोरं नाहीत, भाकरी गावातून वारानं यायची. पोरांकडून शिकवण्याचं काही घ्यायचे नाहीत. म्हणायचे, "इद्या काय भाजी हाय व्हय, पाटीत घालून इकायला?"

त्यांनी कौसल्येला एक शब्द विचारला नाही. हातात लेझीम दिली आणि पहिल्या रांगेत उभी केली. "हिला बोलाया लावू नका. लेझीम बोलंल तिची." सहा महिने लेझीमच बोलली. आणि सव्वीस जानेवारीला बारामतीच्या मैदानात, मामलेदारासमोर, शंभर पोरांच्या पुढं उभी राहून एका एवढ्याशा पोरीनं मान ताठ करून अशी आरोळी दिली, "हुश्शार!" की पलीकडच्या बाभळीवरची पाखरं उडाली.

गर्दीत टाचा वर करून बघणाऱ्या बनाबाईनं शेजारणीला विचारलं, "कुणाची वं ही पोर?"

"आगं बया, तुझीच की."

त्या दिवसापासून बनाबाई वस्तादांचं नाव घेताना पदर सावरायची. असा माणूस, की ज्यानं लेझमीतून मुक्या पोरीचा आवाज बाहेर काढला! त्याला नारळ आणि चार करंज्या देऊन भागणार होतं होय?

सांगवीत रीतच होती. पाडव्याला प्रत्येक शिष्याच्या घरून वस्तादांना भेट जायची. कुणी फराळ द्यायचं, कुणी टॉवेल, कुणी शेंगा. बनाबाईनं महिनाभर म्हशीचं लोणी साठवलं होतं. घरात कुणाला भाकरीवर ठिपका मिळाला नाही. बारामतीच्या बाजारातून डिंक आला, खारीक आली, गोडंबी आली. दोन दिवस ती चुलीपुढून उठली नाही. एक्कावन्न डिंकाचे लाडू झाले. एकेक पेरूएवढा. हातात धरला तर घट्ट, आणि तोंडात टाकला तर नुसता विरघळला पाहिजे. माहेरून आलेल्या मोठ्या पितळी डब्यात ते रचले. डब्यावर तिचं नाव कोरलेलं होतं. महिपतीनं डबा डोक्यावर घेतला, पुढं कौसल्या, मागं बनाबाई, अशी ती वरात तालमीला गेली.

वस्तादांनी डबा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाले, "बरं."

वस्तादांचं "बरं" म्हणजे इतरांचं तासाभराचं भाषण. बनाबाई तरंगत घरी आली.

दुसऱ्या दिवशी, भाऊबिजेला, कौसल्या डबा परत घेऊन आली. डबा जड होता. झाकण काढलं तर आत चकल्या.

"ह्ये काय?" बनाबाई म्हणाली.

"शिकवण हाय माणसाला," प्रयागबाई म्हणाल्या. "भरलं भांडं आलं तर रिकामं धाडू न्हाय. आईनं शिकवलं असंल त्यांच्या."

"पर त्यांच्याकडं चूल न्हाय. चकल्या कुठनं आल्या?"

बनाबाईनं एक चकली दाताखाली धरली. चकली मोडली नाही. तिनं ती दुसऱ्या बाजूच्या दाढेखाली घेतली आणि डोळे मिटून जोर केला. कडाक्कन आवाज झाला. नक्की काय मोडलं ते कळायला थोडा वेळ लागला.

"ही छबूची," ती म्हणाली. छबूबाई म्हणजे पलीकडच्या आळीतली तिची मैत्रीण. तिच्या चकलीनं दरवर्षी गावात एकदोन दात हलायचे.

प्रयागबाई सावकाश म्हणाल्या, "आपला डबा छबूच्या चकलीनं भरला. मग छबूचा कशानं भरला असंल?"

महिपतीनं चहाची बशी खाली ठेवली.

उत्तर शोधायला कुठं जावं लागलं नाही. ते दारातूनच आत आलं. छबूबाई आली होती आणि तिच्या हातात अर्धा खाल्लेला डिंकाचा लाडू होता.

"बने, ह्ये बघ. वस्तादांनी धाडला. आगं, सोताच्या हातानं करत्यात."

"कोण म्हणतं?"

"मीच इचारलं की. तालमीच्या दारात उभी ऱ्हाऊन म्हनलं, वस्ताद, ह्ये लाडू तुमी केलं? तर मान हालवली. एकदा न्हाय, धा येळा."

कौसल्या कोपऱ्यातून हळूच म्हणाली, "वस्ताद तवा बैठका मारीत असत्यात. बैठका मारताना ते कुणाशी बोलत न्हाईत. मान आपोआप खालीवर व्हती." पण छबूबाई बोलत असताना दुसऱ्या कुणाचं ऐकू येण्याची सोय नव्हती.

बनाबाई तोंड उघडणार, तेवढ्यात सासूनं तिचं मनगट धरलं आणि तिला आत ओढलं. "काय सांगणार हाईस? शिष्याच्या घरची भेट वस्तादानं दुसरीच्या डब्यात घातली म्हणून? गावात त्या देवमाणसाची काय अब्रू ऱ्हाईल?"

बनाबाई बाहेर आली. छबूबाईनं लाडवाचा तुकडा मोडून तिच्या हातावर ठेवला. स्वतःचाच लाडू तिनं स्वतःच्याच ओसरीवर पाहुणीसारखा खाल्ला.

"कसा हाय?"

"चांगला झालाय," बनाबाई म्हणाली.

"चांगला? आगं, असं तूप तुला जमायचं न्हाय गं बाई. पुरुषाचा हात, पर काय कसब!"

ते लाडू अकरा डब्यांतून अकरा घरांत गेले होते. प्रत्येक घरी तोच चमत्कार. आठ दिवसांत सांगवीला दुसरा विषय उरला नाही. पाणवठ्यावर ठरलं, की वस्ताद कुठल्याशा संस्थानिकाच्या मुदपाकखान्यात शिकले. कन्हेरी गावात ही बातमी पोचली तेव्हा ते खलबत्ता वापरत नव्हते, डिंक मुठीत धरूनच त्याची पूड करत होते. बारामतीच्या बाजारात पोचली तेव्हा एका म्हाताऱ्यानं निम्मा लाडू खाऊन काठी फेकली होती. बायका तालमीवरून जाताना थांबून आत वाकून बघायच्या. आत वस्ताद मुकाट्यानं पोरांना जोर काढायला लावत असायचे. ते काही बोलत नाहीत, हाच केवढा विनय, असं सगळ्यांना वाटायचं.

बनाबाईला राग यायचा, आणि मग राग आल्याची लाज वाटायची. लाडू आपले. नाव त्यांचं. पण त्यांनी पोरीला आवाज दिला, आपण लाडवाचं नाव दिलं. फिटलं, म्हणून ती गप्प राहिली.

तुळशीचं लग्न झालं आणि वडगाव निंबाळकरहून हिंदुरावांची गाडी आली. हिंदुराव मोठे बागाईतदार. त्यांच्या मुलीचं लग्न इंदापूरकडच्या स्थळाशी ठरलं होतं. त्यांच्या माणसानं तालमीत येऊन मारुतीपुढं नारळ आणि सुपारी ठेवली. "वस्ताद, मालकांचा मान राखा. लग्नाला या."

आता पैलवानांत सुपारी ही साधी गोष्ट नाही. मारुतीपुढची सुपारी उचलली की कुस्ती पक्की. समोर राक्षस येवो, माघार नाही. गेणबा वस्तादांनी आयुष्यात अशी एकही सुपारी परत केली नव्हती. त्यांना वाटलं, वरातीपुढं पोरांची लेझीम हवी असेल. त्यांनी सुपारी उचलून कपाळाला लावली. मग तो माणूस म्हणाला, "हजार लाडू पुरं व्हतील. डिंक, तूप समदं तयार हाय."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बनाबाईच्या स्वयंपाकघरात अंधार पडला. तिनं मान वर करून बघितलं तर दारात वस्ताद. वाकून आत आले आणि चुलीपाशी मांडी घालून बसले.

"बनाबाई, लाडू कसं वळत्यात?"

बनाबाईच्या हातातलं उलथनं खाली पडलं. ज्याच्या पुढं आख्खं गाव वाकायचं तो माणूस तिच्या चुलीपुढं शिष्यासारखा बसला होता.

"मी खोटं बोललो न्हाय," वस्ताद म्हणाले. "पर खरंबी बोललो न्हाय. माझ्याकडं भांड्यात घालाया काय न्हवतं, म्हणून ह्याचं त्यात घातलं. आता चारचौघांत कसं सांगू, का बनाबाईची भेट मी वाटून टाकली? तुमचा अपमान व्हईल. एक लाडू ठेवला व्हता माझ्यासाठी. त्यो खाल्ला. आईच्या माघारी असं कायबी खाल्लं न्हवतं."

बनाबाईनं डोळ्यांना पदर लावला आणि लगेच बाह्या सावरल्या. घरात होता तेवढा डिंक काढला, तूप कढवलं, सारण केलं. मग शिकवणी सुरू झाली.

वस्तादांनी सारणाची मूठ घेतली आणि दाबली. बोटांच्या फटींतून तूप निथळलं आणि मुठीत दगड राहिला.

"हळू. चिमणी धरल्यावानी धरा."

दुसऱ्या वेळी त्यांनी चिमणी धरली. हात उघडला तर लाडवाचा भुगा. तिसरा चपटा झाला, चौथ्याला कोपरे आले. घामानं त्यांचा सदरा भिजला. प्रयागबाई जपमाळ बाजूला ठेवून बघत होत्या. तिसाव्या लाडवानंतर त्या म्हणाल्या, "वस्ताद, चुलीला लावाया गोवऱ्या हायती आमच्याकडं. अजून नगंत."

वस्ताद हसले नाहीत. हात पुसून म्हणाले, "इंदापूरला भैन हाय माझी. तिच्याकडं जातो. सुपारी उचलली आन कुस्ती न्हाय केली, तर तालमीत कुठल्या तोंडानं उभा ऱ्हाऊ? पोरांस्नी मान वर करा म्हणायचं, आन आपली खाली."

दाराआड कौसल्या उभी होती. बनाबाईनं तिच्याकडं बघितलं. पोरीचे ओठ मिटलेले होते, दोन वर्षांपूर्वी मिटायचे तसे, घट्ट. वस्ताद गेले तर ही पुन्हा कणगीमागं जाईल.

"वस्ताद, तुमी जायचं न्हाय," ती म्हणाली. "मी येते वडगावला. तुमी कढईपुढं उभं ऱ्हावा. मी कनातीच्या मागं बसून वळते. हजार का असंनात."

वस्ताद नाही म्हणाले. दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा दाराआडच्या पोरीकडं बघून म्हणाले, "बरं."

लग्नाच्या आदल्या दिवशी तीन गाड्या सांगवीहून निघाल्या. दोन गाड्यांत लेझीमवाली पोरं आणि त्यांच्याबरोबर छबूबाईसकट चार बायका, तिसरीत वस्ताद आणि वस्तादांची मदतनीस म्हणून बनाबाई. बेत पक्का होता. आचारशाळेत कनात होती, कनातीमागं पाट होता, पाटावर बनाबाई आधीच वळायला बसली होती. एवढंच ठाऊक नव्हतं, की वस्तादांचे लाडू बघायला निम्मं वडगाव आलेलं असेल.

कढईभोवती दोनशे माणसं. काही झाडावर. मधोमध खुर्चीत हिंदुराव, मिशीला पीळ देत. "वस्ताद, पहिला लाडू हितंच वळा. समद्यांसमोर. मुहूर्ताचा."

कनातीच्या फटीतून बनाबाईला फक्त वस्तादांची पाठ दिसत होती. भिंतीसारखी पाठ. ती हलेना. मग एक हात परातीत गेला आणि मूठ वर आली. तीन पैलवान एका फडात लोळवणाऱ्या माणसाची मूठ. वस्तादांनी सारण परत परातीत सोडलं, तोंड उघडलं, आणि त्यांना शब्द फुटेना. कुणीतरी खोकलं. हिंदुरावांची मिशी थांबली.

"हुश्शार!"

दोनशे माणसं एकदम ताठ झाली. हिंदुरावसुद्धा खुर्चीतून अर्धे उठले. लेझमीच्या रांगेतून एक पोर चार पावलं पुढं आली होती. मान वर, हात बाजूला, टाचा जुळवलेल्या.

"लाडू माझ्या आईनं केलं व्हतं," कौसल्या म्हणाली. "वस्तादांस्नी लाडू येत न्हाईत. ते बैठका मारीत व्हते, म्हणून मान हालली. त्यांच्या घरी चूल न्हाय, म्हणून आमच्या डब्यात छबूकाकीच्या चकल्या घातल्या. त्या लय कडक व्हत्या. आजीनं त्या अजून ठिवल्यात. वस्ताद खोटं बोलल्यालं न्हाईत. त्यांस्नी इंदापूरला धाडू नका."

एवढं सगळं एका दमात. त्या आचारशाळेच्या पार टोकाला बसलेल्या भांडी घासणाऱ्या बाईपर्यंत प्रत्येक अक्षर गेलं.

बनाबाई उठून उभी राहिली होती. गुपित फुटलं, अब्रू गेली, हे तिला सुचलंच नाही. सातव्या वर्षापर्यंत स्वतःचं नाव न सांगणारी आपली लेक दोनशे परक्या माणसांपुढं उभी राहून दुसऱ्या माणसासाठी बोलते आहे, एवढंच तिला दिसत होतं. तिनं फट मोठी करायला कनात ओढली, आणि कनात खाली आली.

सगळ्यांनी इकडं बघितलं. पाटावर बाई, कोपरापर्यंत तुपानं माखलेली, आणि तिच्याभोवती वळून ठेवलेले साठ लाडू.

वस्तादांनी मात्र तिकडं बघितलंच नाही. ते हिंदुरावांकडं वळले. त्यांचा शब्द परत आला होता. "मालक, ऐकलं? शेवटपर्यंत गेला का आवाज?"

"माझ्या गोठ्यातल्या म्हशींनी कान टवकारलं," हिंदुराव म्हणाले.

"दोन वर्सांमागं ही पोर सोताचं नाव सांगत न्हवती." वस्ताद कौसल्येशेजारी जाऊन उभे राहिले. "मी लाडवाची सुपारी उचलली आन मला लाडू येत न्हाय. तुमी म्हणाल ती शिक्षा. पर हिला कुणी रागं भरायचं न्हाय."

हिंदुरावांचे खांदे हलायला लागले, मग पोट, मग खुर्ची. "वस्ताद, सुपारी मी लेझमीची धरतो. उद्या वरातीपुढं ही पोर पाहिजे, आन पुढं चाळीस वर्सं तुमी सांगवीतच पाहिजे. इंदापूरला जाऊन काय करणार? तितं पोरं आधीच बोलत्यात." आणि मग कनातीच्या जागेकडं वळून, "पर बाई, साठ झालं. नऊशे चाळीस ऱ्हायलं."

अशी बनाबाईला तिची मान्यता मिळाली.

वस्तादांना कुटायला बसवलं. त्या कामाला मात्र ते जन्मालाच आले होते. त्यांच्या एका घावात खारीक आणि खलबत्ता दोन्ही बारीक व्हायची वेळ यायची. छबूबाई तोंड फुगवून तासभर लांब बसली. मग पदर खोचून परातीशी आली. "सरक. चकली कडक असती म्हणून लाडूबी कडक व्हत्यात असं काय न्हाय."

"हळू वळ, म्हणजे झालं," बनाबाई म्हणाली.

"पोरीला तुझ्या लय बोलाया शिकवलंय."

"व्हय," बनाबाई म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं.

दिवस मावळायच्या आत हजार पुरे झाले. दुसऱ्या दिवशी वरातीपुढं लेझीम अशी झाली, की नवरदेव घोड्यावरून उतरून बघायला आला. आणि मग पंगत बसली. हिंदुरावांनी बनाबाईला नवीन लुगडं नेसवून, सगळ्या वऱ्हाडाला ओळख करून देऊन, लाडू वाढायचा मान दिला. तिनं प्रत्येक पानात दोन दोन लाडू वाढले. माणसं पहिला घास घ्यायची आणि बोलायची थांबायची. त्या शांततेतून चालताना बनाबाईला देवळात चालल्यासारखं वाटत होतं.

पंगतीच्या टोकाला इंदापूरचे एक आबा बसले होते. नवऱ्या मुलाचे चुलत आजे. थोडं कमी ऐकू यायचं त्यांना. त्यांनी सावकाश पहिला लाडू खाल्ला, दुसरा खाल्ला, मागून तिसरा घेतला, बोटं चाटली. बनाबाई पुढ्यात उभी.

"आबा, कसं झाल्यात?"

आबांनी विचार केला. "बरं हायती. पर पोरी, त्या सांगवीच्या वस्तादाच्या हातची सर न्हाय."

"तुमी कधी खाल्लं त्यांच्या हातचं?"

"मी कुठनं खाणार? समदी सांगत्यात की."

पलीकडं वस्ताद पाणी वाढत होते. त्यांनी ऐकलं. तांब्या हातात तसाच राहिला आणि त्यांनी काकुळतीनं बनाबाईकडं बघितलं.

बनाबाईनं आबांच्या पानात चौथा लाडू ठेवला. "खरं हाय आबा," ती म्हणाली. "मी त्यांच्याकडंच शिकतीया."